सव्वा मुठीच्या पुढचं वाक्य

शैला,

त्यांनी तोच फोटो वापरला. माईकसमोर उभी, उजवा हात वर, तोंड अर्धवट उघडं. गेलं वर्षभर व्हॉट्सॲप ग्रुपवर ह्याच फोटोवर कोणी चपलांचा हार काढला, कोणी लाल फुली मारली, कोणी खाली तुझा नंबर टाकला. तू गेलीस त्या दिवशी त्याच ग्रुपवर त्याच फोटोला चौकट आली, कोपऱ्यात समई आली आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी नावं वाचत बसले. हात जोडणाऱ्यांतली कितीतरी नावं मी आधी पाहिलेली होती, तुला शिव्या घालणाऱ्यांत. एकाने लिहिलंय, 'खान्देशची कन्या हरपली.' ह्याच गृहस्थाने गेल्या श्रावणात लिहिलं होतं, हिला जिल्ह्याबाहेर हाकला. मी हातातली बशी ओट्यावर अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अक्का, बशीने काय घोडं मारलंय तुमचं?"

लोक मला विचारतात, काय झालं होतं मॅडमना. मी सांगते, हार्ट. डॉक्टरांनी तेच लिहिलंय आणि ते खोटं नाही. पण ते सांगताना मला दरवेळी वाटतं, मीसुद्धा मधेच कापून सांगतेय.

तुझी-माझी ओळख भांडणातूनच झाली, आठवतंय? तू मराठीची, मी भूगोलाची. तू नवीन आलीस आणि स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीवर खुशाल बसलीस. मी म्हटलं, ही जागा माझी आहे. तू म्हणालीस, "नकाशात दाखवा." सगळी स्टाफरूम हसली आणि मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. मग एक दिवस माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी तू न विचारता उचललीस, वर ठेचा घेतलास आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खाल्लीस. त्यानंतर बोलल्याशिवाय राहणं मलाच जमलं नाही. वयाने मी मोठी म्हणून तू मला अक्का म्हणायला लागलीस, आणि बघता बघता सगळं कॉलेज मला अक्काच म्हणायला लागलं. निवृत्त झाले तरी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत मी अक्काच आहे. ही तुझी देणगी.

आणि हे गेले तेव्हा. माझ्या माहेरची माणसं दिवस करून निघून गेली, सासरची त्याआधीच गेली होती. तू मात्र रोज संध्याकाळी देवपुरातल्या तुझ्या घरून यायचीस. सांत्वनाचं एक वाक्य तू बोलली नाहीस. वांगी भाजायचीस, भरीत करायचीस, आणि तुझ्या रेकॉर्डरवर टिपून आणलेली बायांची गाणी मला ऐकवायचीस. गाणं लागलं की तू गप्प. मधे कोणी बोललं की डोळे वटारायचीस. "गाणं शेवटपर्यंत ऐकायचं असतं, अक्का. शेवटच्या ओळीत बाई काय म्हणते ते महत्त्वाचं." मला त्या गाण्यांतलं काही कळत नव्हतं, मला फक्त घरात कोणीतरी हवं होतं. तेव्हा तुला कधी म्हटलं नाही, आता म्हणते. त्या दिवसांत तू मला जगवलंस.

त्याच वर्षी श्रावणात मी तुला आमच्या गावी नेलं, पारोळ्याच्या पुढे, कानबाई देवीच्या सणाला. तुला गाणी हवी होती. शनिवारी सकाळी आमचे नाना, म्हणजे माझे थोरले दीर, अंगणात पाट टाकून रोटाचे गहू मोजायला बसले. ही रीत तुझ्या घरीही होतीच. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा, त्याचं दळण करायचं, त्या पिठाचा देवीला रोट. नाना एकेक नाव घेत होते. पुण्यात असलेल्या पुतण्याचं घेतलं, पाळण्यातल्या नातवाचं घेतलं. मोजणी संपली आणि तू माझ्या कानाशी येऊन विचारलंस, "अक्का, तुमच्या घराची मूठ कुठे?"

मी म्हटलं, आता आमच्या घरात पुरुष कुठे आहे? हे गेले, आणि मला एक मुलगीच.

 तुझा चेहरा असा झाला की मला पश्चात्ताप झाला तुला आणल्याचा. परतीच्या एसटीत तू म्हणालीस, "मी ह्यावर बोलणार आहे." मी म्हटलं, घरातली गोष्ट माईकवर कशाला न्यायची? तू म्हणालीस, "घरातच राहिली म्हणून तर कोणी विचारली नाही." धुळ्याचं स्टँड येईपर्यंत आपण भांडत होतो. कंडक्टर दोनदा म्हणाला, ताई हळू. ते भांडण पुढे किती वर्षं चाललं आणि शेवटी अर्धवटच राहिलं. मी अजूनही पुरती तुझ्या बाजूची झालेली नाही, हे तुला ठाऊक असावं.

मग गेल्या श्रावणातलं आपल्या कॉलेजातलं ते व्याख्यान. हॉल भरला होता. मागच्या रांगांत गावाकडच्या बाया बसल्या होत्या, ज्यांची गाणी तू टिपली होतीस. तू बोलत होतीस, मधेच गात होतीस, आणि मग रोटावर आलीस. म्हणालीस, "ज्या रोटात बाईची मूठ नाही, तो रोट देवीचा कसा म्हणायचा?" हात वर, तोंड उघडं. तो फोटो इथला.

आणि पुढे तू काय म्हणालीस ते त्या हॉलमधल्या प्रत्येकाने ऐकलंय. तू म्हणालीस, "हा प्रश्न मी आठवीत असताना माझ्या आईला विचारला. आईने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. घरात आम्ही दोघीच होतो, वडील नव्हते, आणि सोनगीरच्या आमच्या भाऊबंदकीत त्या सकाळी आमच्या घराचं नाव कोणी घेतलं नव्हतं. मोजणारी माणसं उठून गेल्यावर आईने मला जात्यापाशी नेलं. स्वतःच्या मुठीने सव्वा मूठ गहू त्या दळणात टाकला आणि म्हणाली, 'तुना नावनी मूठ मी टाकेल शे. देवीनी तुले मोजेल शे, बाई. मानसं मोजाले चुकनात.' माझ्या आईइतकी भक्त मी अजून पाहिली नाही. आणि त्या रोटाइतका गोड रोट मी अजून खाल्ला नाही."

मागच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास, कसं काय, म्हणून. मी तोंड वाकडं केलं. पण पदराचं टोक माझ्याही हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्लिप आली. एकच वाक्य. ज्या रोटात बाईची मूठ नाही, तो रोट देवीचा कसा म्हणायचा. हात वर, आणि बस. वर कोणीतरी लिहिलं होतं, कानबाईचा अपमान करणारी प्राध्यापिका. आधी तू हसलीस. म्हणालीस, "लोक पुढचं मागतील बघा, अक्का. गोष्ट अर्धी ठेवली की माणूस विचारतोच, मग पुढे काय झालं?"

कोणी विचारलं नाही, शैला. आयुष्यभर गाणी ऐकवलीस तू, तुला वाटलं सगळ्यांना शेवटची ओळ हवी असते.

मग फोन सुरू झाले. शिव्या देणारे फोन तू मला सांगायचीस आणि त्यातल्या अशुद्ध मराठीची टवाळी करायचीस. पण एकाबद्दल तू टवाळी केली नाहीस. तो शिव्या देत नव्हता. पहिल्या फोनला म्हणाला, "ताई, निळ्या गेटचं घर तुमचंच ना?" इतकंच विचारून ठेवून दिला. नंबर दरवेळी वेगळा, आवाज तोच, बोलणं अगदी आदबशीर. "ताई, आज गेटला कडी नाही लावली." "ताई, आईचा फोटो दारासमोरच लावलाय होय?" आई गेल्यापासून त्या घरात तू एकटी होतीस आणि हे त्याला माहीत होतं. तू गेटला तपकिरी रंग देऊन घेतलास. रंग वाळला असेल नसेल, फोन आला. "ताई, रंग छान दिलाय."

ते तू मला सांगितलंस तेव्हा आपण तुझ्या ओट्यापाशी उभ्या होतो. तुझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि ती तू निवडतच राहिलीस, पानं संपून नुसते देठ उरले तरी.

चौकीत तू गेलीस, एकटी. मी येते म्हटलं तर म्हणालीस, तुम्ही तिथे कोणाच्या तरी अंगावर जाल. तिथल्या साहेबाने ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, मॅडम, थोडे दिवस फोन बंद ठेवा. जणू फोन बंद केला की गेट दिसायचं थांबतं.

आता आपल्या कॉलेजाबद्दल. आपल्या प्राचार्यांना वाईट माणूस म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत. तो मिटवणारा माणूस. होस्टेलच्या पोरांची मारामारी असो, नाहीतर दोन क्लार्कांचा अबोला, सर दोघांना केबिनमध्ये बोलावणार, चहा मागवणार, आणि म्हणणार, जाऊ द्या हो, आपलीच माणसं आहेत. आपल्याकडे सगळे तंटे असेच मिटतात. बांधावरचा असो की सोयरिकीतला, चार शहाणे बसवायचे, नारळ फोडायचा, ज्याने त्याने गूळ-खोबरं तोंडात टाकून घरी जायचं. मीही अशाच बैठकांत वाढले आणि त्या कामी येतात हे मी पाहिलंय. सरांनी तेच केलं. 'त्या बाजूच्या' लोकांना बोलावलं.

मी बातमी कळल्यावर त्यांच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, "सर, ती बाजू म्हणजे कोण? क्लिप कोणी कापली, माहीत आहे? फोन कोण करतंय, माहीत आहे?"

"अक्का, शांत व्हा. कानबाई उत्सव मंडळाची पोरं येणार आहेत. चांगली पोरं आहेत. एकदा समोरासमोर बसलं की माणूस निवळतो."

"तंटा मिटवायला समोर माणूस लागतो, सर. इथे समोर कोणीच नाहीये."

"मग मी काय करू?" सर खरंच विचारत होते. "तुम्हीच सांगा, ह्यावर काय करतात?"

"तुमच्या कॅमेऱ्यावर पूर्ण व्याख्यान आहे ना? ते लावा. सगळ्यांना दाखवा. आणि पोलिसांत तक्रार कॉलेजच्या नावाने द्या, शैलाच्या नाही. ती तुमच्या हॉलमध्ये, तुम्ही बोलावलं म्हणून बोलली."

सरांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "त्याने वाद वाढेल, अक्का."

बैठकीला पाच-सहा जण आले. त्यातल्या कोणीच काही लिहिलं नव्हतं, हे तूच मला नंतर सांगितलंस. एक तर तुझा जुना विद्यार्थी निघाला, तो तुझ्या पाया पडला. चहा झाला. मग कोणीतरी म्हणालं, मॅडम, देवीला एक नारळ ठेवा, आमच्या समाधानासाठी. आणि तू लगेच उठलीस. का नाही उठणार? तू दरवर्षी ठेवतेस. देवीच्या तसबिरीपुढे नारळ ठेवलास, गुडघे टेकलेस, डोळे मिटलेस. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. सगळ्यांनी गूळ-खोबरं खाल्लं आणि मंडळी हसत बाहेर पडली.

संध्याकाळच्या आत दुसरी क्लिप आली. गुडघे टेकलेली तू. वर लिहिलेलं, 'अखेर माफी मागितली.' तिथून खरं सुरू झालं. आधी रागावलेले होते ते आता हसायला लागले. काहींना माफी पुरेशी वाटली नाही. आणि पुण्या-मुंबईची जी शिकली-सवरली माणसं तुझ्या बाजूने लिहीत होती, त्यांनी लिहिलं, बाई वाकल्या. देवीपुढे वाकलीस ते ह्यांनाही दिसलं नाही आणि त्यांनाही नाही. ज्या पोराने ते चित्रण केलं त्याला सरांनी बोलावलं तर तो रडायला लागला. त्याने फक्त घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, बैठक छान झाली, म्हणून.

बैठकीत गूळ वाटताना हातातल्या फोनकडे कोणी बघितलं नाही. आपल्याकडे बैठकीत जे होतं ते बैठकीत राहतं, हे इतकं अंगवळणी पडलंय की ती रीत संपलीय हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर सरांनी तुला सांस्कृतिक समितीतून 'विश्रांती' दिली. मग म्हणाले, ह्या सत्रात फक्त व्याकरण घ्या मॅडम, त्यात धोका नाही. तू व्याकरण घेतलंस. पण मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? फोनची नाही, गेटची नाही. एकदा तू माझ्याकडे जेवायला आली होतीस आणि मी विचारलं, शिकवणं कसं चाललंय? तू म्हणालीस, "आता जमायला लागलंय. असं बोलते की कुठूनही कापलं तरी चालेल." मी समजले नाही. तू मला करून दाखवलंस. वर्गात आता तू प्रश्न विचारत नव्हतीस, कारण नुसता प्रश्न कापून नेता येतो. कोणाचं म्हणणं मांडून मग ते खोडत नव्हतीस, कारण खोडलेलं कापून टाकता येतं. थट्टा तर बंदच. प्रत्येक वाक्य एकटं, धुतलेलं, कोणाचंही चालेल असं. तू पाच मिनिटं तसं बोललीस आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. भाकरी माझ्या हातात तशीच राहिली. शैला, त्या दिवशी मी तुला गमावलं. आषाढात गेलीस ती दुसऱ्यांदा.

थंडीत तुला बाहेर काढायचं म्हणून मी सोनगीरला नेलं, तुझ्याच गावी. किल्ल्यावर चढलो. खाली हायवेवरचे ट्रक, वर वारा, दुसरं कोणी नाही. तू इकडे-तिकडे बघितलंस, दोनदा. मग आईचं गाणं म्हणायला लागलीस. किती महिन्यांनी तुझा आवाज ऐकत होते मी. तेवढ्यात वाटेवरून एक जोडपं वर आलं आणि त्यातल्या मुलाने खिशातून फोन काढला. त्याला बिचाऱ्याला बायकोचा फोटो काढायचा होता. तू मधल्या ओळीवर थांबलीस. मी म्हटलं, म्हण की, तो आपल्याकडे बघतही नाहीये. तू चप्पल घातलीस आणि उतरायला लागलीस. ते गाणं तसंच राहिलंय. त्याची शेवटची ओळ मला माहीत नाही आणि आता विचारणार कोणाला?

तू गेलीस ती दुपारी. शेजारणीने मला फोन केला. मी पोचले तेव्हा तुला खोलीत निजवलं होतं आणि ओट्यावर तुझा फोन थरथरत होता, थरथरत थरथरत कडेला आला होता. मी तो उचलून पदरात बांधला. सगळं उरकेपर्यंत तो माझ्या कमरेला वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी आलेला एक फोन मी घेतला.

"ताई आहेत का?" अगदी आदबशीर.

मी म्हटलं, "ती गेली."

 तो म्हणाला, "अरेरे. आणि तुम्ही कोण बोलताय?"

"तिची अक्का," मी म्हटलं. त्याने ठेवून दिला.

कॉलेजात शोकसभा झाली. तिच्याआधी सरांनी मला बाजूला घेतलं. चेहरा उतरलेला होता. "अक्का, बोला तुम्ही, पण तो विषय नको." मी ते पूर्ण व्याख्यान मागितलं. ते म्हणाले, "आता कशाला? त्या गेल्या. प्रकरण मिटलं." मग इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "मलाही फोन येतात, अक्का. नातीच्या शाळेचं नाव सांगतात." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण एवढं सांगायलाही त्या माणसाने आधी स्वतःचा फोन बंद केला होता. मिटवण्याच्या सगळ्या युक्त्या संपलेला मिटवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

सभेत मी उभी राहिले आणि फक्त तुझी खुर्चीची गोष्ट सांगितली. लोक हसले. दोन जण फोनवर चित्रण करत होते. मला जाणवलं की मीसुद्धा कुठूनही कापली तरी चालतील अशी वाक्यं बोलतेय, आणि मी खाली बसले.

आणि मग परवा कानबाई आली.

मी गावी गेले. शनिवारी सकाळी अंगणात पाट, सूप, गव्हाची पाटी. नाना बसले, सगळी भाऊबंदकी भोवती. मोजणी सुरू होण्याआधी मी पुढे गेले आणि म्हटलं, "नाना, आमच्या घराचीही मूठ टाका. माझ्या मुलीच्या नावाने."

नानांचा हात पाटीत थांबला. त्यांनी माझ्याकडे नाही, गव्हाकडे बघितलं. "आसं कोनी शिकाडं तुले? ती देवीले बोलनी ती मास्तरीनबाईनी?"

"तुम्ही पाहिलं ते?"

"बठ्ठास्नी दखं. मीबी पुढे धाडं." आणि मग जरा खालच्या आवाजात, "गयी ना ती? वाईट झायं."

काय सांगू शैला! आमचे नाना. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलेले नाना. त्यांच्या बोटाखालूनही तू पुढे गेलीस, कापलेली. क्षणभर मला वाटलं पिशवी उचलावी आणि पहिल्या एसटीने परत यावं. पण मग मी तिथेच, पाटाशेजारी, फतकल मारून बसले आणि त्यांना तुझं पुढचं वाक्य सांगितलं. आठवीतली मुलगी सांगितली. तोंडावर ठेवलेला हात सांगितला. जातं सांगितलं, आणि तुझ्या आईचं बोलणं तिच्याच शब्दांत सांगितलं. देवीनी तुले मोजेल शे, बाई. मानसं मोजाले चुकनात.

 माझ्या मोठ्या जाऊबाई डोक्यावरचा पदर सारखा करत करत उंबऱ्यात खाली बसल्या.

नाना म्हणाले, "हाई तं कोनीच सांगं नही माले."

"तुम्ही विचारलं नाही, नाना."

 त्यांनी पाटी माझ्याकडे ढकलली. "मन्हा हातथीन नही व्हवाव. जनम गया आसं मोजाम्हा. तूच टाक."

ह्यापेक्षा जास्त मी त्यांच्याकडून मागितलंही नसतं. मी पाटीत हात घातला आणि तेवढ्यात पुतण्याच्या बायकोने फोन वर धरला. तिच्या मनात काही नव्हतं, दरवर्षी ती काढते. पण सगळे एकदम ताठ झाले. नाना कडाडले, "बंद कर ते! आम्हनी भावजय शे ती!"

माझी मूठ गव्हात होती. खरं सांगते, मला भीती वाटली. तुझं गेट आठवलं. माझ्या घराचं गेट हिरवं आहे, हे मला उगीचच आठवलं. तिने फोन खाली घेतला होता. मीच म्हटलं, "राहू द्या, नाना. काढ ग पोरी. पण पहिल्यापासून काढ आणि शेवटपर्यंत काढ. मधे थांबायचं नाही. मी काय सांगितलं ते पुन्हा सांगते, तेही घे."

मी पुन्हा सांगितलं. शैला, तुझं नाव घेऊन सांगितलं. घरातली गोष्ट मी माईकवर नेली, झालं समाधान? तुझी मूठ मात्र मी टाकली नाही. तू आमच्या भाऊबंदकीतली नाहीस, आणि रीत मोडायची तर ती जिथे चुकली तिथेच मोडावी, असं तूच म्हणाली असतीस. मुलीचं नाव घेतलं आणि मूठ सुपात उघडली.

तेव्हा पिशवीतला माझा फोन वाजायला लागला. व्हिडिओ अजून कुठे गेला नव्हता, तरी वाजला. जाऊबाईंनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "नाव नही येत. नुसता नंबर शे."

तो वाजत राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ती पोरगी फोन धरून होती, हात हलू न देता. मूठ झाली होती, वरचा पाव राहिला होता. मी पुन्हा पाटीत हात घातला, आणि आधी सव्वा मूठ पूर्ण केली.